एकादशीचा समुद्र

नाहूरहून मढला जायचं म्हटलं की घरचे विचारतात, "पिकनिक का गं?" पिकनिक नव्हती. तीन दिवसांच्या या धावपळीत मी समुद्र पाहिला, जेवले, एकदा चिखलात बसले आणि एकदा भर सभेत तोंडघशी पडायची वेळ आली. जे मढला गेलेले नाहीत, आणि ज्यांना वाटतं की समुद्र म्हणजे चौपाटीवर दिसतो तेवढाच, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मीही त्यातलीच होते. आमचं गाव साताऱ्याकडचं. पाण्याशी संबंध विहिरीपुरता.

शुक्रवार सकाळ, घाटकोपर

मरोळच्या कारखान्यांचं सांडपाणी एका जाड पाइपातून नेऊन मढच्या टोकापलीकडे समुद्रात सोडायचं, अशी योजना आहे. आम्ही तिच्या विरोधात आहोत. आम्ही म्हणजे आठ-दहा पोरं-पोरी आणि घाटकोपरचा एक छापखाना, ज्याचा मालक उधारीवर पत्रकं छापतो आणि वर शिव्याही घालतो.

पाइपवाल्यांनी नवीन डाव टाकला होता. मढच्या मच्छीमार सोसायटीच्या हॉलात त्यांनी एक मोठं काळं-पांढरं चित्र लावलं. अंतराळातून रडारने टिपलेलं आपल्याच किनाऱ्याचं चित्र. मढच्या टोकापासून एक काळा पट्टा निघून खोल समुद्रात गेलेला. त्यावर बोट ठेवून पाइपवाल्यांचे साहेब म्हणाले, "हा पाण्याचा हमरस्ता. इथे सोडलेलं सगळं बाहेर जाणार. किनाऱ्याला थेंब लागणार नाही. हे आम्ही नाही, उपग्रह सांगतोय." रविवारी सोसायटीची सभा होती, त्यात संमती द्यायची की नाही ते ठरणार होतं.

हे मला सांगितलं हिराबाईने. ती मढची. अंधेरीच्या बाजारात मासळी विकते आणि आमची पत्रकं मासळी बांधायला न वापरता वाचते, म्हणून आमची ओळख. तिच्या घरची डोल आहे. डोल म्हणजे मोठ्या तोंडाचं पिशवीसारखं जाळं. समुद्रात रोवलेल्या खुंटांना ते बांधतात आणि पाण्याच्या ओढीने मासळी त्यात शिरते. बोट मासळीच्या मागे धावत नाही, पाणीच मासळी आणून देतं. पाणी नासलं तर डोल घेऊन दुसरीकडे जाता येत नाही, खुंट तिथेच असतात. तरीही हिराबाईचा नवरा हात वर करायला तयार झाला होता, कारण पाइपाच्या पंपघरात त्यांच्या मुलाला नोकरी देऊ, असं साहेबांनी सांगितलं होतं. "तू शिकलेली हायस," हिराबाई म्हणाली होती, "ता चित्र खरा की खोटा, येवडाच मना सांग."

आमच्यातल्या शिरीषने पत्रकाचा मथळा जुळवूनसुद्धा ठेवला होता. 'उपग्रहाचं चित्र बनावट!'

"अरे, बनावट आहे हे तुला कोणी सांगितलं?"

"पाइपवाल्यांनी लावलंय ना? मग अजून काय पाहिजे?"

"सही पाहिजे रे कोणाची तरी. शास्त्रज्ञाची."

"मग आण ना तुझ्या त्या दामले सरांची. दुपारपर्यंत आण, संध्याकाळी छापू. नाहीतर वाट लागली."

पाइपवाल्यांनी वाटलेली चित्राची लहान प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि निघाले.

शुक्रवार दुपार, मरोळ

पवईवरून येणाऱ्या बसमधून मरोळला उतरलं की आधी वास येतो. ज्या नाल्याचं पाणी उद्या मढला जाणार, तो आज वसाहतीच्या मागून वाहतो. त्या दिवशी त्याचा रंग हिरवट होता. काठावर एक बाई दोरीवर मुलांचे शाळेचे सदरे वाळत घालत होती. मी विचारलं, "त्रास नाही होत?" ती म्हणाली, "होतो ना. तुम्ही कुठल्या पेपरच्या?" मी कुठल्याच पेपरची नाही म्हटल्यावर तिने पाठ फिरवली. नाला ओलांडताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. पाय फरफटत मी सरांच्या दारात पोचले.

दामले सर मला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. आता समुद्राच्या रडार-चित्रांवर काम करतात. त्यांनी चित्र खिडकीशी धरलं. "अरे वा, हे तर माझ्याकडेही आहे," म्हणाले.

"बनावट आहे ना सर?"

"छे! झकास चित्र आहे. अमेरिकन अवकाशयानावरच्या रडारचं. लोक त्याला उपग्रहच म्हणतात, म्हणू देत. अगदी खरं आहे."

दामलेबाईंनी थालीपीठ आणि लोण्याचा गोळा पुढे ठेवला. आमच्याकडे थालीपीठ तेलात थबथबलेलं असतं, हे कोरडं, खरपूस होतं. एरवी मी तीन खाल्ली असती. त्या दिवशी एक तुकडा मोडून ताट बाजूला सरकवलं.

सरांनी समजावलं. रडार फोटो काढत नाही. ते वरून स्वतःच्या लहरी पाण्यावर टाकतं आणि परत काय येतं ते टिपतं. म्हणून त्याला ऊन लागत नाही, ढग आडवे येत नाहीत. "आता, परत काय येतं? वारा सुटला की पाण्याच्या अंगावर शहारे येतात बघ, बारीक बारीक. जिथे शहारे, तिथून लहरी परत येतात आणि चित्र उजळ दिसतं. जिथे पाणी गुळगुळीत, तिथून लहरी पलीकडे निघून जातात. तिथे काळं."

"म्हणजे हा काळा पट्टा..."

"म्हणजे तिथे शहारा नाही. वारा पडला असेल. बोटीचं तेल सांडलं असेल. खालच्या प्रवाहाने वरच्या लाटा दडपल्या असतील. काहीही असेल."

"पण पाणी बाहेर जातंय असं हे चित्र सांगतं का?"

"एकटं चित्र नाही सांगत. धावत्या माणसाचा एक फोटो काढला, तर तो येतोय की उलट्या पावलांनी जातोय हे कसं कळणार? लागोपाठची चित्रं हवीत. किंवा परत आलेल्या लहरींचा सूर किती बदलला ते मोजायला हवं. त्यावर परदेशात आत्ता कुठे काम चाललंय."

मी एकदम ताठ बसले. "मग तसंच लिहून द्या सर. हे चित्र खोटं सांगतं."

"चित्र खोटं सांगत नाही गं. चित्र काहीच सांगत नाही. सांगतोय तो बोट ठेवणारा."

"मग पाणी खरंच कुठे जातं?"

"माहीत नाही."

"सर!"

"माहीत नाही हेच लिहून देतो. चालेल?"

नाही चालणार! 'माहीत नाही' असा मथळा कोणी कधी छापलाय का? माझा आवाज चढला. मी म्हटलं, तुम्ही लोक नोकऱ्या सांभाळता आणि तिकडे लोकांचं पाणी जातं. बाई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभ्या राहिल्या. सर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. मला शांत करायला की काय, ते त्या चित्राची गोष्ट सांगू लागले. यान उडालं तेव्हा ते रेडिओला कान लावून बसले होते, आणि हे चित्र नेमकं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचं. "घरात आपट्याची पानं पडलेली होती अजून," ते म्हणाले. मी ऐकलं आणि सोडून दिलं. मला आपट्याच्या पानांशी काय करायचं होतं?

खालच्या टपरीवरून शिरीषला फोन केला. "चित्र खरं आहे रे."

तो म्हणाला, "हे कोणाला बोललीस?"

"नाही."

"मग नको बोलूस."

शनिवार, वर्सोवा ते मढ

मी त्याला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पत्रक छापायचं थांबव, एवढंच सांगितलं. हिराबाईला काय सांगायचं ते ठरवत रात्र गेली होती. सकाळी चपलेला अंगठा लावून घेतला आणि वर्सोव्याला गेले.

फेरीबोटीच्या धक्क्याशी पाणी ओसरलेलं होतं. बोटीपर्यंत चिखलातून चालायचं. कोळणी डोक्यावर टोपल्या घेऊन अशा जातात की वाटावं खाली फरशी आहे. मी चौथ्या पावलाला बसले. नवा अंगठा पुन्हा तुटला. चित्राची पिशवी मी डोक्यावर धरली होती, ती तेवढी कोरडी राहिली. एका कोळणीने मला काखेत धरून उठवलं. "शेरातली हाय गो," ती बाकीच्यांना म्हणाली, आणि सगळ्या फेरीभर हसत राहिल्या. आमच्या नाहूरला कोणी पडलं की लोक आधी बघत नाहीत असं दाखवतात. इथे आधी हसतात, मग पाय धुवायला पाणी देतात. मला हे बरं वाटलं.

खाडीच्या मध्यावर मी पहिल्यांदा पाण्याकडे नीट पाहिलं. सर म्हणाले ते डोळ्यांना दिसत होतं. एका बाजूला बारीक थरथर, चांदीसारखी. तिच्या शेजारी एक गुळगुळीत पट्टा, तेल पुसल्यासारखा. तो पट्टा आत येत होता की बाहेर जात होता? मी डोळे फाडून पाहत राहिले. कळेना.

मढला हिराबाईच्या अंगणात बांबूच्या मांडवांवर बोंबील लटकत होते, आणि त्यांच्या सावलीत सात-आठ पुरुष भर सकाळी बसलेले. कोणी जाळं शिवत होता, कोणी नुसता पाय पसरून. हिराबाईचा नवरा, पांडू नाखवा, बिडी ओढत होता. मी विचारलं, "आज कामाला नाही गेलात?"

"भांग हाय ना," तो म्हणाला. "भांगात काय करनार? बसलोय."

पत्रकवाल्यांना एक खोड असते. समोर व्यसन दिसलं की आमचं तोंड सुटतं. मागच्याच वर्षी नशाबंदीचं पत्रक मीच लिहिलं होतं. मी सुरू झाले. म्हटलं, नाखवा, राग मानू नका, पण रविवारी गावाचं भवितव्य ठरणार आणि तुम्ही सकाळपासून भांग घेऊन बसता? पाइपवाल्यांना हेच पाहिजे! बायका टोपल्या वाहतात आणि तुम्ही...

जाळं शिवणाऱ्याच्या हातातली सुई थांबली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग असा हशा उसळला की मांडवावरचे कावळे उडाले. नाखव्याला ठसका लागला. हिराबाई घरातून धावत आली.

"ही पोरगी मना भांग प्यालो म्हनतंय गो!"

हिराबाईने हसून डोळे पुसले आणि मला खाली बसवलं. "प्यायची नाय गो. पान्याची भांग." तिने सांगितलं ते असं. आवस-पुनवेला उधाण. तेव्हा पाणी जोरात आत येतं, जोरात बाहेर जातं आणि डोल भरते. अष्टमीच्या पुढे चार-पाच दिवस पाण्यात ओढच राहत नाही. त्याला भांग म्हणतात. डोल लावली तरी जाळं नुसतं लोंबतं. म्हणून भांगात पुरुष घरी. जाळी शिवायची, लग्नं ठरवायची, सोसायटीच्या सभा घ्यायच्या, सगळं भांगात.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्यातच तिने जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याचं कालवण. भांगात ताजं म्हावरं नाही, म्हणून सुकं. आमच्या घरी सुकी मासळी आली तर आई खिडक्या उघडते. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. दुसरी भाकरी मोडताना हात थांबला.

"हिराबाई, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काय असतं?"

"काय म्हंजे? एकादशी."

"पाण्यात काय असतं?"

"भांगच असनार." ती माझ्याकडे बघायला लागली. "का गो?"

मी हात न धुताच पिशवीतून चित्र काढलं. हे चित्र एकादशीचं आहे, म्हटलं. नाखवा बाहेरून उठून आत आला. त्याने चित्र हातात घेतलं, उलटसुलट केलं.

"म्हंजे पानी बसलेला असताना काढलाय?"

"हो."

"आनि साहेब म्हनतो, पानी असा धावतंय?"

"हो."

मला वाटलं, जिंकलो. नाखवा मात्र हसला नाही. त्याने सरळ विचारलं, "मग उधानाला हितला पानी कुठं जातंय, ता तुज्या सरांना माहीत हाय?"

"नाही."

"तुना?"

"नाही." आता मी उलट विचारलं, "तुम्हाला, नाखवा?"

"डोलीपाशी कुठं जातंय ता मना माहीत हाय. पाइपाचा तोंड हाय त्या टोकापल्याड. तितं कोन जातंय? मना नाय माहीत."

आता हिराबाई बोलली, आणि तिचा आवाज बाजारातला होता. "मग तू सांगनार काय उद्या? तुना नाय माहीत, सरांना नाय माहीत. साहेबाला तरी माहीत हाय म्हनतो तो! आमची डोल जानार की रानार, ता सांग ना. पोराची नोकरी सोडून आमी कोनाच्या भरवशावर हात खाली ठेवायचा?"

मी उठून हात धुतले आणि चित्र परत पिशवीत घातलं.

रविवार, मढ

त्या रात्री मी हिराबाईकडेच राहिले. सकाळी शिरीष पहिल्या फेरीबोटीने आला. "एकच शब्द बोल, बनावट," तो धक्क्यावरच म्हणाला. "लोकांना बाकीचं कळत नाही."

"लोकांना बाकीचंच कळतं रे," मी म्हटलं. तो चिडून पुढे गेला.

हॉल गच्च भरला होता. मोठं चित्र भिंतीवर. साहेब सफारीत, हातात लांब पट्टी. त्यांनी पुन्हा तो हमरस्ता दाखवला. मग चेअरमन म्हणाले, कोणाला बोलायचं असेल तर बोला. मी उठले. पायात हिराबाईच्या मोठ्या चपला होत्या.

मी म्हटलं, "हे चित्र खरं आहे."

मागून शिरीषचा "अरे यार!" ऐकू आला. साहेबांनी मान हलवून मला शाबासकी दिली. हिराबाई बायकांत बसली होती, तिने पदर तोंडाला लावला.

"चित्र खरं आहे, आणि एकादशीचं आहे," मी म्हटलं. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचं."

आधी पुढच्या रांगेतला एक म्हातारा खुदकन हसला. मग हसू मागे मागे गेलं, बायकांपर्यंत. साहेब गोंधळले. "एकादशीचा काय संबंध? उपासाचा?"

यावर जे झालं ते लिहून दाखवता येणार नाही. एक बाई अक्षरशः आडवी झाली.

पांडू नाखवा उठला. तो हसत नव्हता. "साहेब, तुमी आमच्याकडं कंदी येता? आमी बोलावतो तवा. आमी घरी असतो तवा बोलावतो. आमी घरी असतो तवा भांग असतंय. तुमी अजून आमचा समुद्र बगितलाच नाय. तुमच्या वरच्या डोल्यानं पन नाय बगितला." तो चित्राकडे वळला. "पुनवेचा चित्र आना. येतानाचा एक, जातानाचा एक. मग हात वर करतो."

साहेब म्हणाले, अंतराळयान काही रिक्षा नव्हे, बोलावली की यायला. आणि मग त्यांनी माझ्याकडे पट्टी रोखली. "ह्या ताईंना विचारा ना, पाणी कुठे जातं ते! त्यांना माहीत आहे का?"

सगळा हॉल माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "माहीत नाही. यांनाही माहीत नाही. फरक एवढाच की हे माहीत आहे म्हणून सही मागतायत."

चेअरमननी ठराव मांडला. उधाणाचं पाणी कुठे जातं हे दाखवल्याशिवाय संमती नाही. दाखवलं तर पुन्हा सभा. हात वर झाले. नाखव्याचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला, आणि तो वर जात असताना त्याने मुलाकडे पाहिलं नाही.

शिरीष उड्या मारत होता. "जिंकलो गं! नवा मथळा, मढने पाइप रोखला!"

"रोखलेला नाही. थांबवलाय."

"तेच ते."

तेच ते नव्हतं, आणि हे हिराबाईलाही कळत होतं. ती मला फेरीबोटीपर्यंत सोडायला आली. या वेळी भरती होती, चिखल झाकला गेला होता. बोट सुटायच्या आधी तिने माझं मनगट धरलं.

"आनि पुनवेचा चित्र आला, आनि त्यात पानी खरंच भायेर जाताना दिसला, तर?"

मी शिरीषकडे पाहिलं. तो बोटीत बसून मथळा लिहीत होता.

"तर मी येऊन तसं सांगेन."

"तुज्या लोकांच्या विरोधात?"

"हो."

"मग तवा एकटीच ये," ती म्हणाली. "त्याला नको आनूस." आणि तिने माझं मनगट सोडलं.

बोट सुटली. तेव्हापासून पेपरात अवकाशयानाची बातमी दिसली की मी ती पूर्ण वाचते, आणि वाचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. चित्र यावं असं मला वाटतं की येऊ नये असं वाटतं, हे शिरीषने विचारलेलं नाही. हिराबाई दर आठवड्याला विचारते.